डिस्क बदलली, बॅकअपचं काय?

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : हार्ड डिस्क बदलल्यावर गुपचूप बंद पडणारा बॅकअप

महोदय,

स.न.वि.वि.

‘जुना संगणक टाकून देऊ नका, त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क) बसवा,’ असा सल्ला आपल्या तंत्रज्ञानाच्या सदरात वाचला. सल्ला खरा आहे. मी तो आधीच अमलात आणला आहे. पूर्वी संगणक सुरू होईपर्यंत माझं अर्धं वर्तमानपत्र वाचून व्हायचं, आता चष्मा सापडेपर्यंत तो तयार असतो. पण आपला लेख डिस्क बसवून, फायली उतरवून ‘झालं’ म्हणतो आणि थांबतो. माझं खरं प्रकरण त्या ‘झालं’नंतर सुरू झालं, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त मुद्रितशोधक. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर एक काम स्वतःसाठी हाती घेतलं. जुन्या व्यवसायांतले शब्द मी वर्षानुवर्षं वह्यांत टिपून ठेवले होते, अशा तेवीस वह्या आहेत. त्यांची सूची करायची. एक्सेलमध्ये तीन रकाने : शब्द, वही, पान. साडेपाच हजार नोंदी झाल्या असतील-नसतील, तेवढ्यात जुनी डिस्क टक् टक् करायला लागली. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने एक छोटा प्रोग्राम चालवून दाखवला. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ नावाच्या ओळीसमोर शून्य असायला हवं होतं, तिथे भलताच आकडा होता. म्हणजे डिस्कवरचे काही कप्पे धड वाचताही येत नव्हते आणि डिस्कने ते बादही ठरवले नव्हते. बदलणं भागच होतं. त्याने नवी डिस्क बसवली, विंडोज नव्याने टाकलं, जुन्या डिस्कवरची माझी फोल्डरं जशीच्या तशी आणून ठेवली. ‘सगळं आलंय, बघून घ्या.’ मी बघितलं. सगळं आलं होतं.

तसं पाहिलं तर त्याच संध्याकाळी मला शंका यायला हवी होती. वर्डमध्ये एक जुना मजकूर उघडला, तर पान लाल नागमोडी रेघांनी भरलेलं. ‘आवटी’, ‘रंधा’, ‘हातोटी’, ‘वाकस’ असे माझे नेहमीचे शब्द. वर्षानुवर्षं राइट क्लिक करून ‘शब्दकोशात घाला’ म्हणत मी संगणकाला शिकवलेले. आणि तो ते सगळे विसरून बसलेला. मी काय केलं? हाताला सवय, एकेक शब्द पुन्हा शिकवत बसले. काहीतरी मागे राहिलंय, हे ती रेघ मला सांगत होती. प्रूफं वाचणाऱ्याला चुकीचं अक्षर चटकन दिसतं, गळालेली ओळ मात्र मजकूर सलग लागत असला की दिसत नाही. माझं तेच झालं.

त्यानंतर चार महिने सुरळीत गेले. नोंदी चौसष्टशेवर गेल्या. मग एका दुपारी शब्द अकारविल्हे लावायचे म्हणून मी पहिला रकाना निवडला आणि सॉर्टचं बटण दाबलं. एक्सेलने विचारलं, शेजारचे रकानेही बरोबर घेऊ का? प्रश्न नीट न वाचता मी ‘आहे तेवढंच’ म्हटलं. (चौतीस वर्षं वाचण्याचंच काम केलेली बाई!) शब्द सुरेख रांगेत उभे राहिले, वही आणि पानाचे आकडे होते तिथेच राहिले. मी फाइल सेव्ह केली, बंद केली. चूक कळली अकरा दिवसांनी. सुताराच्या ‘रंधा’चं पान काढलं आणि समोर आली तेल्याच्या घाण्याची माहिती. दुसरा शब्द बघितला, तिसरा बघितला. एकही जागेवर नव्हता.

तरी मी घाबरले नाही. माझ्याकडे बॅकअप होता ना! टेबलावर एक्स्टर्नल डिस्क आहे, विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ नावाची सोय तिच्यावर दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत ठेवते, जुन्या प्रती न पुसता. ही सोय विंडोज ८ बरोबर २०१२ साली आली, आणि अशाच प्रसंगासाठी आहे. मी भाच्याला फोन लावला.

“मावशी, फाइलवर राइट क्लिक कर. प्रॉपर्टीज. आता ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’.”

“आधीची एकही प्रत नाही म्हणतोय.”

“असं कसं? डिस्क लावलेली आहे ना?”

“लावलेली आहे. दिवासुद्धा लागलाय.”

“दिवा वीज मिळाली की लागतो गं. फाइल हिस्टरी ऑन आहे का ते बघ.”

ऑफ होती. बंद पडली नव्हती, मुळात सुरूच झालेली नव्हती. नव्या विंडोजमध्ये ती सोय आपण चालू करीपर्यंत बंदच असते. जुन्या विंडोजमध्ये मी तीन वर्षांपूर्वी ती चालू केली होती. ती जुनी विंडोज जुन्या डिस्कबरोबर खणात गेली. एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवली असती तर जुनी विंडोज कटकट करायची, डिस्क जोडा म्हणून. नव्या विंडोजला बॅकअप घ्यायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. तर तो राहिला म्हणून ती तक्रार कशी करणार? चार महिने टेबलावर निळा दिवा लुकलुकत होता आणि मी निश्चिंत होते.

शेवटची प्रत डिस्क बदलण्याच्या आदल्या दिवशीची निघाली. तीही सरळ सापडली नाही. एक्स्टर्नल डिस्कवर ‘फाइलहिस्टरी’ नावाचं फोल्डर, त्यात माझं नाव, त्यात संगणकाचं नाव, त्यात ‘डेटा’, आणि तिथे एकाच फाइलच्या ओळीने प्रती, प्रत्येकीच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ. ही वेळ आपल्या घड्याळाची नसून जागतिक प्रमाणवेळेची असते, हे कुणाला हाताने शोधायची वेळ आली तर लक्षात ठेवावं. दुपारी केलेलं काम मला सकाळी केलेलं दिसत होतं आणि मी दुसऱ्याच प्रतीच्या मागे लागले होते.

साडेपाच हजार नोंदी त्या प्रतीवरून भाच्याने सूत्र लावून जुळवून दिल्या. राहिल्या नऊशे. नऊशे शब्द माहीत आहेत, नऊशे पानं माहीत आहेत, कोण कुणाचं ते माहीत नाही.

आता बॅकअप पुन्हा उभा करतानाची कथा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण डिस्क बदललेल्या प्रत्येकाला यातलं काही ना काही भेटणारच.

फाइल हिस्टरी चालू करताना डिस्क निवडायच्या खिडकीतच खाली एक चौकोन असतो : ‘या डिस्कवरचा आधीचा बॅकअप मला वापरायचा आहे.’ त्यात खूण करून जुन्या संगणकाचं नाव निवडलं की नव्या प्रती जुन्या मालिकेला जोडल्या जातात. मी घाईत तो चौकोन पाहिलाच नाही. विंडोज नव्याने टाकली की संगणकाला आपणहून ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अक्षरं-आकड्यांची खिचडी असं नाव मिळतं, त्या नावाचं नवंकोरं फोल्डर तयार झालं आणि सगळ्या फायलींची पहिल्यापासून प्रत सुरू झाली. एक्स्टर्नल डिस्क ५०० जीबीची, विंडोजच्या मोजणीत ४६५. तिच्यात जुन्या मालिकेनेच बरीच जागा अडवलेली. दुसऱ्याच दिवशी डिस्क भरल्याची सूचना आली. ‘जुन्या प्रती साफ करा’ हा पर्याय दाबून पाहिला, तो जुन्या नावाच्या फोल्डरला हात लावायला तयार नाही. ते त्याच्या लेखी दुसऱ्याच संगणकाचं होतं.

मग ते फोल्डर मीच निवडलं आणि डिलीट दाबणार, इतक्यात सहज भाच्याला फोनवर सांगितलं की जुनं अडगळीतलं काढून टाकतेय. तो ओरडलाच. माझ्या सूचीची एकमेव शाबूत प्रत त्या अडगळीत होती. जुळवाजुळवीसाठी त्याला पाठवलेली प्रत सोडली तर दुसरी कुठेही नव्हती. नवा बॅकअप पूर्ण होऊन त्यातून एखादी फाइल उघडून पाहीपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही, एवढं त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. शेवटी १ टीबीची दुसरी एक्स्टर्नल डिस्क घेतली. ती विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. यात फसवणूक नाही, विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढंच.

नवी डिस्क आलीच आहे तर सगळ्या संगणकाची ‘सिस्टिम इमेज’ही (विंडोज, प्रोग्राम आणि फायली यांची एकगठ्ठा प्रत) घेऊ, म्हणजे पुन्हा डिस्क गेली तरी लाल रेघांपासून सुरुवात नको, असं ठरवलं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ हे जुनं दुकान अजून उघडं आहे, तिथे इमेजची सोय आहे. आधी त्याने डिस्क नाकारली, कारण ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि इमेजला एनटीएफएस लागतं. डिस्क रिकामीच होती, पुन्हा फॉरमॅट केली. दोन मिनिटं चाललं आणि थांबलं. जागा अपुरी आहे. क्रमांक ०एक्स८०७८०११९.

मी दोन्ही डिस्क पाहिल्या. एक्स्टर्नलवर नऊशेहून जास्त जीबी मोकळे. सी ड्राइव्हवर सातशे. मग अपुरी कुठे?

तो संदेश मी कागदावर उतरवून घेतला. त्याचा मथितार्थ असा : बॅकअपमध्ये येणाऱ्या डिस्कच्या प्रत्येक विभागात (पार्टिशनमध्ये) थोडी मोकळी जागा हवी; विभाग ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर ५० एमबी, मोठा असेल तर ३२० एमबी. कुठला विभाग नापास झाला, ते मात्र नाही. हे वाक्य माझ्याकडे प्रूफला आलं असतं तर मी समासात ‘कर्ता कुठे?’ असं लिहून परत धाडलं असतं.

विभाग शोधायला विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कचे सगळे विभाग दाखवणारं साधन, उघडावं लागलं. विंडोज टाकताना ती डिस्कवर काही छोटे विभाग स्वतःसाठी राखून ठेवते, ते आपल्या ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाहीत. त्यातला रिकव्हरीचा विभाग माझ्याकडे ५२९ एमबीचा निघाला आणि त्यात मोकळी जागा शंभराच्याही आत. म्हणजे तो ५०० च्या वर गेल्यामुळे त्याच्याकडून ३२० एमबीची मागणी होत होती. तो तीस एमबीने लहान असता तर पन्नासवर भागलं असतं! आणि भाच्याने तेच केलं. डिस्कपार्ट नावाच्या काळ्या खिडकीत जाऊन त्याने तो विभाग आक्रसून ५०० च्या आत आणला. जागा अपुरी म्हणून जागा कमी केली आणि इमेज सुरळीत पार पडली. असला तोडगा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. मात्र हे काम ज्याला त्या काळ्या खिडकीची सवय आहे त्यानेच करावं, आणि तेही आपल्या फायली आधी दुसरीकडे उतरवून. तिथे एक आकडा चुकला तर भलताच विभाग साफ होतो.

राहता राहिले माझे शिकवलेले शब्द. ते कस्टम डॉट डिक नावाच्या साध्या फाइलीत असतात, आणि ती असते यूझरच्या फोल्डरमधल्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात खोल, ‘रोमिंग’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, मग ‘यूप्रूफ’. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप उचलून आणणाऱ्याला ती दिसत नाही. फाइल हिस्टरीसुद्धा ॲपडेटाकडे बघत नाही. युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच वाचता यावीत म्हणून ठरलेली पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या माझ्या पंचवीस-तीस फायलींचीही तीच गत. फायली आल्या, फॉन्ट आले नाहीत. उघडल्या की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांचा चुरा. फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात राहतात, त्यामुळे ते मागे राहिले. फायली बिघडल्या म्हणून मी त्या काढून टाकण्याच्या बेतात होते. आपल्या वाचकांत जुन्या फॉन्टमधला मजकूर जपणारे पुष्कळ असणार, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सुदैवाने जुनी डिस्क मी खणात ठेवली होती. यूएसबीच्या डबीत घालून ती जोडली, तर माझ्याच फोल्डरवर ‘तुम्हाला परवानगी नाही’. नाव तेच, स्पेलिंगसुद्धा तेच. भाचा म्हणाला, विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, आतल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखते, आणि नव्याने विंडोज टाकली की क्रमांक नवा मिळतो. त्याच्या लेखी तू दुसरीच बाई आहेस, मावशी. ‘कंटिन्यू’ दाबून, ॲडमिनचे अधिकार वापरून बराच वेळ थांबल्यावर फोल्डर उघडलं. मरायला टेकलेली ती डिस्क मधूनच टक् टक् करत होती. आधी शब्दांची फाइल घेतली, मग फॉन्ट. बाकी काही घ्यायच्या आत तिने मान टाकली.

माझ्या एका मैत्रिणीकडे वेगळाच प्रकार. तिने विंडोज नव्याने न टाकता जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करून घेतला. ही पद्धत सोयीची. बॅकअपच्या मांडणीसकट सगळं येतं. पण जुनी आणि नवी डिस्क एकदम जोडली तर दोघींची ओळखखूण एकच, त्यामुळे विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ करून ठेवते. ती डिस्क मेली म्हणून मैत्रीण रडकुंडीला आली होती. क्लोन करून घेणाऱ्यांनीही बॅकअपचं ठिकाण एकदा तपासावंच, कारण नव्या जोडणीत एक्स्टर्नल डिस्कचं ‘ई’ हे अक्षर ‘एफ’ झालेलं असलं तर काही बॅकअप प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येतात. आणि ज्यांच्याकडे विंडोजची जुनी सिस्टिम इमेज आहे त्यांनी नवी डिस्क घेताना आकार पाहावा. १ टीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीच्या एसएसडीवर उतरवायला ती सोय नकार देते, आतला मजकूर १०० जीबीच का असेना.

माझी सूचना दोघांना आहे. एक आपल्या सदरलेखकांना : डिस्क बदलायचा सल्ला देताना पुढचा परिच्छेदही लिहा. फाइल हिस्टरी कुठे चालू करायची, जुना बॅकअप कसा जोडायचा, मागे काय काय राहतं. विंडोज ११ मध्ये तर ही सोय सेटिंग्जमध्ये दिसतही नाही, जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरावं लागतं, तेव्हा वाटाड्याची गरज जास्तच. (माझा संगणक अजून विंडोज १० वर आहे आणि त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे मला ठाऊक आहे. त्यावरून मला रागावणारे घरात आहेत, वाचकांनी तसदी घेऊ नये.)

दुसरी सूचना दुरुस्ती करणाऱ्यांना. माझ्या संगणकाचं काम करणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला डिस्क बदलायला सांगितली होती, त्याने ती चोख बदलली. पण ‘सगळं आलंय, बघून घ्या’ म्हणण्याआधी गिऱ्हाइकाला एवढंच विचारावं, की बॅकअप कुठे घेत होतात? मग तो गिऱ्हाइकासमोर सुरू करावा, त्याच्याच हाताने एक फाइल पुसायला लावावी आणि बॅकअपमधून परत आणून दाखवावी. पाच मिनिटांचं काम आहे. आणि जुनी डिस्क निदान दोन-तीन महिने जपून ठेवायला सांगावं. ‘आता काय उपयोग’ म्हणत मीही ती भंगारात देणार होते.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी एक फाइल मुद्दाम डेस्कटॉपवरून उडवते आणि परत आणते. भाचा हसतो.

नऊशेपैकी तीनशे बारा नोंदी वह्यांशी ताडून झाल्या. सध्या ‘ढ’वर आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक